जाताना सरळ, येताना डावीकडे

आमच्याकडे गाडी वर्कशॉपला एकटी येत नाही. मोठ्या शहरांत म्हणे मालक सकाळी किल्ली टेबलावर ठेवून ऑफिसला जातो आणि संध्याकाळी गाडी घेऊन घर गाठतो. मराठवाड्यात अशी कोरडी पद्धत नाही. गाडीला जरा बरं वाटेनासं झालं की पेशंटला दवाखान्यात न्यावं तशी चार माणसं तिला घेऊन येतात. मालक असतो, मालकाचे मेहुणे असतात. मेहुण्यांचा एक मित्र असतो, त्याच्याकडे कधीकाळी तसलीच गाडी असते, त्यामुळे त्याला सगळं कळत असतं. मागच्या सीटवर एखादी आत्याबाई असते. तिला गाडीच्या दुखण्याशी काही देणंघेणं नसतं, तिला गुलमंडीवर साड्या बघायच्या असतात.

जालना रोडवरच्या एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये मी उभा जन्म काढला. आधी सर्व्हिस ॲडव्हायझर होते आणि निवृत्त होताना वर्कशॉप मॅनेजर. या वऱ्हाडाचा मला सुरुवातीला फार वैताग यायचा. पुढे मी शहाणी झाले. वेटिंग रूममधल्या शोभेच्या खुर्च्या काढून बाकं टाकून घेतली आणि चहाचा थर्मास मोठा आणला. पण याच वऱ्हाडाने एकदा एका गाडीचं दुखणं आमच्यापासून कित्येक महिने लपवून ठेवलं होतं. बिचाऱ्यांना स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता. ती हकीकत सांगायला बसले आहे.

माझं माहेर गुलमंडीमागच्या गल्लीतलं. आजोबा पौरोहित्य करत, वडील जिल्हा परिषदेत कारकून. मी पॉलिटेक्निकला ऑटोमोबाईल घेतलं तेव्हा वडील एवढंच म्हणाले, “अगं, निदान सिव्हिल तरी घ्यायचंस.” नोकरीच्या पहिल्या वर्षी गिऱ्हाइकं काउंटरवर येऊन माझ्या डोक्यावरून पलीकडे बघायची. “मॅडम, साहेब कुठंयत?” मी म्हणायची, “साहेब आत्ताच आलेत. बोला.” आणि पॅड पुढे ओढायची.

या धंद्यातलं अर्धं काम कानांचं असतं. माणसाला गाडीचं दुखणं शब्दांत सांगता येत नाही, मग तो आवाज काढून दाखवतो. एरवी ज्यांच्यासमोर माणसं हात जोडून उभी राहतात, असे एक साहेब माझ्या केबिनमध्ये दार लावून घेऊन ‘कुईंऽऽ टक, कुईंऽऽ टक’ करत होते आणि मी गंभीर चेहऱ्याने विचारत होते, “टक आधी येतं की कुईं?” एका प्राध्यापकांच्या गाडीतला मागचा ‘गडगड’ आवाज काही केल्या सापडेना. शॉकॲब्सॉर्बर बदलायची वेळ आली, तेव्हा आमचे हेड मेकॅनिक युसूफभाई डिकीतल्या जादा चाकाच्या खड्ड्यातून एक नारळ घेऊन आले. दसऱ्याच्या पूजेचा होता. घरातल्या कुणाचीही तो काढायची छाती होत नव्हती आणि वर्कशॉपला सांगायची लाज वाटत होती. “मॅडम, ये पार्ट का नंबर क्या डालूं?” युसूफभाईंनी विचारलं. नारळ आम्ही सन्मानाने पुढच्या सीटवर ठेवून दिला.

आता मूळ गोष्ट.

दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू आणि अंजिरांच्या बागा आहेत. तिथले एक बागायतदार, सगळे त्यांना आप्पा म्हणत. उंचेपुरे, आवाज शिवारभर ऐकू जाणारा. त्यांनी आमच्याकडून डिझेलची ऑफ-रोड गाडी घेतली. जाहिरातीत जी नदी ओलांडते, दगडांवर चढते, ती. मी सहज विचारलं, “आप्पा, डोंगरावर नेणार का?”

“म्या कशाला नेतोय डोंगरावर? पर डोंगर आलाच आडवा तर?”

गाडी म्हणायला ऑफ-रोड, कामाला मात्र टेम्पो. आणि तो टेम्पो चालवत होती आप्पांची सून, रेखा. माहेर कन्नडकडचं, माहेरी ट्रॅक्टर चालवलेला. नवरा वाळूजला कंपनीत शिफ्टवर, सासरे बागेत. पूर्वी यांचा माल व्यापारी बांधावरच उचलायचा आणि म्हणेल त्या भावाने न्यायचा. रेखाने ते बंद केलं. मागची सीट दुमडून ती पहाटे पेरूचे क्रेट भरायची, अंजिराच्या दिवसांत अंजिराच्या पाट्या, आणि स्वतः शहरात आणायची. थोडा माल जाधववाडीच्या मार्केटला, उरलेला छावणीतल्या ठरलेल्या दुकानांना आणि घरांना. अंजीर तर नाजूक फळ, सकाळी तोडलेलं संध्याकाळपर्यंत थांबत नाही. त्यामुळे गाडी म्हणजे तिचा सगळा व्यवहार होता आणि तिचं नावही. छावणीत तिला ‘अंजीरवाल्या ताई’ म्हणत.

गाडी नवी, आणि तक्रार आली: डावीकडे ओढते.

पहिल्यांदा सगळे आले. आप्पा, त्यांचे मेहुणे, मेहुण्यांचे ते सर्वज्ञ मित्र, आणि सर्वांत मागे, लहान मुलीचा हात धरून रेखा.

“डावीकडं वढती म्हणं,” आप्पा म्हणाले.

“कधी ओढते?”

“मला नाय वढत. सूनबाईला वढती.”

मेहुणे हसले. “मॅडम, गाडीला बी कळतंय कोण चालवायलंय ते.” रेखा मुलीला घेऊन बाकावर जाऊन बसली.

ओढणं ही साधी तक्रार आहे. टायरची हवा, चाकांचं अलाइनमेंट, एखादा ब्रेक अडकणं. यांतलं काहीतरी निघतंच. आम्ही सगळं पाहिलं, डावी बाजू तर दोनदा पाहिली. मग टेस्ट ड्राइव्ह. युसूफभाई चालवायला, शेजारी आप्पा, मागे मेहुणे, मित्र आणि रस्त्यात पान खायला उतरू म्हणून अजून एक कोणीतरी. गाडी बीड बायपासपर्यंत जाऊन आली. युसूफभाई उतरून म्हणाले, “कुछ नहीं मॅडम. मख्खन.”

दुसऱ्या वेळी मी कंपनीच्या एरिया इंजिनिअरना बोलावलं. पुण्याहून आले होते, हुशार, इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांनी गाडीखाली टॉर्च मारला आणि त्यांना चिखल दिसला.

“ही गाडी कच्च्या रस्त्यावर चालते का?”

“साहेब, शेतात जाती,” आप्पा म्हणाले. “डांबरीवरच फिरवायची असती तर स्कूटर घेतली असती.”

“तसं असेल तर सस्पेन्शन वॉरंटीत बसवणं कठीण आहे. ऑफ-रोड वापरामुळे...”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. गाडीच्या मागच्या दारावर मोठ्या अक्षरांत ‘ऑफ-रोड’ लिहिलं होतं आणि साहेब त्याच दारावर हात टेकून उभे होते. मी ते त्यांना दाखवलंही. ते कसंनुसं हसले. माणूस वाईट नव्हता, वरून आलेलं वाक्य बोलत होता. मग तेही टेस्ट ड्राइव्हला गेले, पुन्हा सगळ्या गोतावळ्यासह. गाडी सरळ. परत येऊन त्यांनी शेऱ्यात लिहिलं: ड्रायव्हिंग हॅबिट. मराठीत सांगायचं तर दोष हाताचा, गाडीचा नाही.

हे दोन इंग्रजी शब्द दौलताबादला पोचल्यावर त्यांचं काय होणार हे मला कळत होतं. मेहुण्यांना आता कंपनीचाच दाखला मिळाला होता. मला त्या दिवशी फार राग आला, आणि राग काढायला हातात काही सापडलेलं नव्हतं, त्यामुळे तो घरी नेऊन नवऱ्यावर काढला.

पुढे अंजिराचे दिवस सुरू झाले. एका सकाळी रेखा माल देऊन परत निघाली होती, मुलगी शेजारच्या सीटवर. शेताच्या वळणावर बकरी आडवी आली म्हणून तिने ब्रेक दाबला. गाडीचं तोंड डावीकडे फिरलं आणि गाडी थेट विहिरीच्या कठड्याला जाऊन भिडली. कठडा पक्का होता म्हणून वाचल्या. दोघींना खरचटलंही नाही. बंपर चेपला. आप्पा धावत आले, नातीला उचललं आणि गाडीची किल्ली काढून बंडीच्या खिशात टाकली. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं रेखा मला नंतर म्हणाली. दुसऱ्या दिवशी बांधावर पुन्हा व्यापारी उभा होता.

बंपरच्या कामासाठी गाडी आमच्याकडे आली होती तेव्हाची गोष्ट. दुपारी रेखा एकटीच वर्कशॉपला आली, एसटीने. मी तिला केबिनमध्ये बसवलं. इतक्या महिन्यांत ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. दर वेळी तिच्या गाडीबद्दल बाकीचेच बोलायचे.

“मॅडम, मला एकच सांगा. माझंच चुकायलंय का?”

“कोण म्हणतं?”

“समदेच म्हणतेत. आता तर मला बी तसंच वाटायलंय. रात्री झोपंत पाय ब्रेकवर दाबते म्या. पोरगी व्हती बाजूला. काय झालं असतं तर? माझं चुकत असंल तर तसं सांगा. म्या परत हात नाय लावणार गाडीला, देवाशप्पत. पर खरं सांगा.”

या बाईने तक्रार मागे घेतली असती, कुणावर दावा केला नव्हता, तिला फक्त स्वतःच्या हातापायांवर भरवसा ठेवावा की नाही एवढं विचारायचं होतं. आणि ते विचारायला ती एसटीने उभी राहून आली होती. मी चहा मागवला आणि म्हणाले, “पहिल्यापासून सांग. किती वेळा झालं, कुठं झालं, सगळं. घाई नाही.”

ती सांगत गेली. पडेगावच्या उतारावर एकदा, मिटमिट्याजवळ एकदा, शरणापूरच्या फाट्याला. विहिरीपाशी.

“जाताना की येताना?”

“येतानाच. जाताना काय नाय होत. मामंजी... आप्पा बी त्येच म्हणतेत, घरी यायचं जिवावर येतंय तुझ्या.”

मी आधी रस्त्याचा विचार केला. रस्त्याला कडेकडे उतार असतो, जाताना-येताना फरक पडू शकतो. पण असा फरक थोडा असतो, सतत असतो, ब्रेक दाबल्यावर एकदम तोंड फिरवत नाही. मग मी विचारलं, “येताना गाडीत काय असतं?”

“काय नसतं. रिकामे क्रेट बी दुकानातच ठिवते.”

“आणि आप्पा चालवतात तेव्हा?”

रेखाने माझ्याकडे पाहिलं. “आप्पा चालवतेत तेव्हा चार माणसं असतेतच की.”

मी कप खाली ठेवला. युसूफभाई चौघांना घेऊन गेले होते. पुण्याचे साहेब चौघांना घेऊन गेले होते. आप्पा आयुष्यात एकटे कुठं गेलेच नव्हते. रेखा स्वतः जाताना क्रेट भरून जात होती. ही गाडी रिकामी चालवणारं माणूस सगळ्या जगात एकच होतं, आणि ते रोज फक्त घरी परतताना.

वाचकांसाठी दोन शब्द सांगते, कंटाळू नका. सस्पेन्शन म्हणजे चाक आणि गाडी यांच्यातली तडजोड. खड्डा चाकाने सोसायचा, माणसापर्यंत पोचू द्यायचा नाही. या गाडीत मागची दोन्ही चाकं एकाच जाड अक्सलवर, म्हणजे आडव्या कण्यावर, असतात आणि तो अक्सल पुढेमागे सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी दांडा त्याला गाडीच्या सांगाड्याशी बांधून ठेवतो. दांड्याच्या टोकाला डोळा असतो आणि त्या डोळ्यात बांगडीसारखं जाड रबर बसवलेलं असतं. त्याला आम्ही बुश म्हणतो. दांडा वरखाली होताना हे रबर थोडं पिळतं आणि परत जागेवर येतं. म्हणून त्याचा नट कधी आवळायचा याला फार महत्त्व आहे. गाडी चाकांवर स्वाभाविक उंचीला उभी असताना आवळला, तर रबर निवांत राहतं. दांडा भलत्याच उंचीला असताना आवळला, तर रबर जन्मापासून पिळलेलंच राहतं, आणि एक दिवस फाटतं.

दुसऱ्या दिवशी नवा बंपर लावून आम्ही गाडी दौलताबादला पोचवायला निघालो. युसूफभाई, मी आणि वाटेत मुद्दाम मागे भरून घेतलेल्या वाळूच्या गोण्या. भरलेल्या गाडीला ब्रेक मारून पाहिले, गाडी सरळ. शेतात पोचल्यावर गोण्या उतरवल्या. तेवढ्यात आप्पा आले, मेहुणे आले, ते मित्रही कुठूनसे उगवले. मी “जरा चालवून बघू” म्हणताच सगळे सवयीने दारं उघडून आत बसले.

“उतरा,” मी म्हणाले.

“कोण?”

“सगळे.”

मेहुणे रागावले. त्यांना वाटलं, मी त्यांना गाडीत बसण्याच्या लायकीचं समजत नाही. आप्पांच्याही कपाळाला आठ्या पडल्या. “मॅडम, मालकाला गाडीतनं उतरा म्हणता?”

“तुम्ही नाही उतरायचं, आप्पा. तुम्ही चालवायची. एकट्यानं.”

विहिरीपासून लांब, कापणी झालेल्या रानाच्या कडेने सरळ कच्चा रस्ता होता. दोन्ही बाजूंना मऊ माती. मी युसूफभाईंना त्याच्या टोकाला उभं केलं आणि आप्पांना सांगितलं, त्यांनी हात वर केला की ब्रेक दाबा, आणि स्टिअरिंग घट्ट धरा. आप्पांना एकट्याने गाडीत बसलेलं घरातल्या कुणी कधी पाहिलं नव्हतं. मेहुणे कुजबुजले, “एकटंच?” जणू आप्पा परदेशी निघाले होते.

गाडी धुरळा उडवत आली. युसूफभाईंचा हात वर गेला. ब्रेक लागला आणि गाडीचा मागचा भाग उजवीकडे सरकला, तोंड डावीकडे फिरलं आणि आप्पा अर्धी गाडी ढेकळांत घालून थांबले.

आप्पांनी गाडी मागे घेतली, परत लांब गेले, परत आले. मी तर हात दाखवायलाही सांगितलं नव्हतं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी उतरून गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला.

“हिनं मला बी वढलं की,” ते म्हणाले. आवाज इतका खाली आलेला मी त्यांचा पहिल्यांदाच ऐकला.

बांधावर रेखा उभी होती. तिने पदराने तोंड पुसलं. घाम होता की आणखी काही, ते विचारायला मी गेले नाही.

गाडी परत वर्कशॉपला आणून मी पुण्याच्या साहेबांना फोन केला. सांगितलं, “या, पण टेस्ट ड्राइव्हला एकटे जायचं.” ते दुसऱ्याच दिवशी आले, एकटे चालवून आले आणि उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मग त्यांनी जे केलं त्यामुळे ते माझ्या मनातून कधी उतरले नाहीत. इस्त्रीच्या शर्टासकट ते युसूफभाईंच्या शेजारी गाडीखाली जाऊन पडले.

आम्ही आजवर डावी बाजू धुंडाळत होतो, कारण गाडी डावीकडे जात होती. पण मागचा भाग उजवीकडे सरकतो हे आता सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे उजवं चाक ब्रेकबरोबर मागे जात होतं. गाडी चाकांवर रिकामी उभी होती. युसूफभाईंनी उजव्या दांड्याचा नट सैल केला आणि दांडा आपोआप, ‘कर्रर्र’ करत फिरला. पिळून ठेवलेलं धुणं हातातून सुटावं तसा. गाडीची उजवी बाजू बोटभर वर उचलली गेली.

“या अल्ला,” युसूफभाई म्हणाले.

रबर बाहेर काढलं तेव्हा वरच्या बाजूने, ब्रॅकेटच्या आड, ते अर्धं फाटलेलं होतं. नव्या गाडीचं रबर कोण काढून बघतो? गाडी भरलेली असली की दांडा वर दाबला जायचा, पीळ सुटायचा आणि फाटलेली फट मिटायची. गाडी रिकामी झाली की फट उघडायची. ब्रेक दाबला की तेवढ्या फटीपुरता अक्सल एका बाजूने मागे जायचा आणि गाडी मागूनच वळायची. त्या रबराला सासरे, सून असा काही भेद नव्हता.

हे झालं कसं? साहेबांनी कारखान्यात चौकशी केली आणि प्रामाणिकपणे मला सांगितलंही. गाडीचा सांगाडा लाइनवर आधी उलटा ठेवलेला असतो, वर पाय करून. अक्सल बसवताना एक साचा त्याला दोन्ही बाजूंनी ठराविक उंचीपर्यंत दाबून धरतो आणि मग नट आवळतात. त्या साच्याचा एका बाजूचा टेकू झिजला होता. उजवा दांडा जास्त दाबला जायचा, म्हणजे गाडी माणसांनी भरल्यासारखी धरून नट आवळला जायचा. तो टेकू बदलेपर्यंत ज्या गाड्या त्या लाइनवरून गेल्या, त्या सगळ्या मनातल्या मनात भरलेल्या होत्या.

कंपनीने मग आमच्या भागातल्या तशा गाड्या बोलावून घेतल्या. ‘खबरदारीचा उपाय’ असं म्हणाले, चूक म्हणाले नाहीत. कंपन्यांची ती भाषा असते. आम्ही प्रत्येक गाडीचं रबर बदललं आणि नट गाडी चाकांवर उभी करूनच आवळला. त्यांतल्या एका गाडीच्या मालकाने मला सांगितलं की ब्रेकला घसरते म्हणून त्याने ड्रायव्हर केव्हाच काढून टाकला होता. मी म्हणाले, “त्याला बोलवा, सांगा त्याला.” पण तो कुठं गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं, फोनही बंद होता. तो माणूस आजही स्वतःला कच्चा ड्रायव्हर समजत असेल. हे मला अजून टोचतं. गाडीचा दोष गाडीत सापडतो, पण तोवर तो कुणाच्या तरी डोक्यावर बसलेला असतो, आणि तिथून काढायला आमच्याकडे पाना नसतो.

रेखाची गाडी न्यायला अर्थातच सगळे आले. बाकं भरली, चहा झाला. पुण्याचे साहेबही थांबले होते. त्यांनी स्वतः पुढे होऊन रेखाला सांगितलं, “ताई, मी तुमच्याबद्दल चुकीचं लिहिलं होतं. ते मी बदललंय.” रेखा “असू द्या, असू द्या” म्हणत मुलीच्या वेण्या नीट करू लागली.

आम्ही दिलेली किल्ली आप्पांनी बंडीच्या खिशातून काढली. तिच्यासमोर धरली. रेखाने हात पुढे केला नाही.

“तुम्हीच घ्या, आप्पा. म्या बसते मागं.”

रबर बदललं होतं, बंपर नवा होता, आणि तरी गाडी दुरुस्त झालीच नव्हती. विहिरीचा कठडा तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. हे काम माझ्या खात्यातलं नव्हतं.

आप्पा मागे वळले. “मेव्हणं, आयका. तुम्ही बी आयका,” ते मित्राला म्हणाले. “हिचं काय चुकलं नव्हतं. म्या हिच्या हातातनं किल्ली काढून घेतली, ती चूक माझी. आजपासनं कुणी हसलं तर माझ्याशी गाठ हाय.” मग रेखाकडे न बघता, “चला समदे. आपुन रिक्षानं जाऊ.”

“रिक्षानं? दौलताबादला?” मेहुणे दचकले. “गाडी असताना?”

“गाडी रिकामी जाईल. पोरीला बी संगट घ्या. रेखा एकटी आणील.”

किल्ली त्यांनी तिच्या हातात दिली नाही. गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि फाटकाबाहेर चालू लागले. मागोमाग मेहुणे, मित्र, नात. जालना रोडवर आप्पांनी हात करून रिक्षा थांबवली आणि आयुष्यात पहिल्यांदा आपली गाडी मागे सोडून रिक्षात कोंबून बसले. आम्ही सगळे, युसूफभाई, साहेब, धुण्याच्या रॅम्पवरची पोरं, उगाचच काहीतरी काम असल्यासारखे इकडेतिकडे बघत राहिलो.

रेखाने किल्ली उचलली. गाडीत बसली. आरसा स्वतःच्या उंचीला लावला, सीट पुढे ओढली, कितीतरी वेळ दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली. मग गाडी फाटकातून बाहेर पडली आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

मी केबिनमध्ये येऊन बसले, पण कामात लक्ष लागेना. छावणी आली असेल, पडेगाव आलं असेल, आता उतार. युसूफभाई दोनदा काही कारण काढून आत डोकावून गेले. “फोन आया क्या, मॅडम?”

आला. मागे आप्पांचा आवाज ऐकू येत होता, रिक्षावाल्याने कसे हाल केले ते ते कुणाला तरी सांगत होते. म्हणजे सगळे पोचले होते.

“मॅडम, आले व्यवस्थित,” रेखा म्हणाली.

“ब्रेक लागला कुठं?”

“लागला नाय, मारला.” ती हसली. तिचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. “पडेगावच्या उताराला मारला, शरणापूरला मारला. कुणी बी आडवं नव्हतं, मॅडम. मोकळा रस्ता बघून मुद्दाम मारला. शेवटी इहिरीपाशी बी मारला.”

“मग?”

“सरळ,” ती म्हणाली. “ठेवू का मग? उद्याचे क्रेट भरायचेत.”